शेवटच्या कडव्यातलं नाव

या लेखात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. माझं नाही, माझ्या मुलीचं नाही, ज्याच्याबद्दल मुख्यतः लिहितोय त्या दादाचं नाही, आणि ज्याच्या संगीतामुळे हे सगळं घडलं त्या जर्मन संगीतकाराचंही नाही. नावाच्या बाबतीत मी एकदा फार वाईट वागलोय. तेव्हापासून कुणाचंही नाव लिहायला घेतलं की हात अडखळतो.

मी भिवंडीजवळच्या टेमघरचा. आठवडाभर काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर असतो, ट्रकमधून उतरलेला माल तपासून आत घेतो. आणि गेली तीस वर्षं मी आमच्या भीमगीतांच्या गायन पार्टीचा मुख्य गायक आहे. पेटी, ढोलकी, मागे कोरसला तिघं, एवढीच पार्टी. जयंती, बुद्ध पौर्णिमा, लग्नं, वास्तू, जिथे बोलावतील तिथे जातो.

आमच्या गाण्यांत एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. कवी पॉवरलूमवर काम करणारा असो, गवंडी असो की शाळेतला शिपाई, गाणं संपता संपता त्याचं नाव ओळीत गुंफलेलं येतं आणि मंडपातली माणसं मान डोलावतात, की अच्छा, हे याचं होय. गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, हार मिळतो. कवीला मिळतं ते एवढंच. ते नाव बदलणं म्हणजे काय, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी ते बदललं.

दादा म्हणजे सख्खा भाऊ नव्हे, सगळेच त्याला दादा म्हणतात; माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. आमच्या पार्टीचा कवी. लूमच्या कारखान्यात बारा-बारा तास उभा राहायचा आणि मशीनच्या तालावर ओळी जुळवायचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याने एक गाणं लिहिलं. अंगठा लावणारी आई वयाच्या पन्नाशीत सही करायला शिकते, त्याचं गाणं. त्याच आठवड्यात आमच्या पार्टीची कॅसेट निघणार होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी दादाला डबल ड्युटी लागली, तो येऊ शकला नाही. रेकॉर्डिंगवाल्याने वही पुढे ओढत विचारलं, "ये मां वाले गाने का कवी कौन? कव्हर पे डालना है."

मी म्हणालो, "मैंच."

का म्हणालो, हे मी अठ्ठावीस वर्षं स्वतःला विचारतोय. तेवीस वर्षांचा होतो, लग्न ठरत होतं, हे सगळं खरं. पण ती कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी तोंडातून फक्त ते निघालं, आणि निघाल्यावर मागे घेतलं नाही. मग शेवटच्या कडव्यात माझं नाव घालणं भाग होतं. ढोलकीवाल्याने भुवया उडवल्या, तेव्हा त्यालाही सांगितलं, "दादाच बोललाय, तुझं नाव टाक म्हणून." म्हणजे चोरीवर थाप.

दादाचं नाव चार अक्षरी, माझं तीन. ओळ एका अक्षराने तोकडी पडली. ती भरून काढायला मी नावापुढे एक लांब "हो" लावला. कॅसेट गाजली. तो "हो" माझ्या आवाजापेक्षा जास्त गाजला. आज भिवंडी तालुक्यात नवीन पोरं गायला लागली की नावापुढे तसाच "हो" लांबवतात आणि मला येऊन सांगतात, "सर, तुमची स्टाईल." ती स्टाईल नाही. ते ठिगळ आहे.

कॅसेट पहिल्यांदा वाजली ती जयंतीला, विहाराबाहेरच्या भोंग्यावर. दादा समोर उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. मी दूर खांबाआड. नंतर जवळ येऊन म्हणाला, "आवाज चांगला आलाय." बस. पुढे त्याचं येणं कमी झालं, मग तो खारबावला राहायला गेला. शिफ्ट बदलली असेल, असं मी मनाला सांगत राहिलो. लूमच्या आवाजाने त्याचे कानही हळूहळू गेले. मी तीनदा माफी मागायला म्हणून खारबावला गेलो. तिन्ही वेळा चहा प्यालो, पत्र्याच्या गळतीवर बोललो आणि परत आलो. त्याच्या डोळ्यांदेखत ते नाव जागेवर घालायचं, एवढंच करायचं होतं. तेवढंच जमत नव्हतं.

आता मुलीकडे येतो.

माझी मुलगी नर्स आहे. गेल्या वर्षी तिने ठरवलं की जर्मनीत नोकरीला जायचं. त्यासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते, म्हणून ड्युटी संपली की ठाण्याला क्लास. घरात फ्रिजवर, आरशावर, गॅसच्या शेगडीमागे चिकटवलेले जर्मन शब्द. माझ्या बायकोला आता बटाटा, कांदा आणि झाकण यांचं जर्मन येतं. क्लासमध्ये प्रत्येकाने चिठ्ठी उचलून त्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं होतं. कुणाला सण आला, कुणाला पाव. हिला आलं: उत्तरेकडच्या जुन्या पुराणकथा आणि ऑपेरा.

संध्याकाळी ती पिशवी न ठेवताच म्हणाली, "पप्पा, तुम्ही गाण्यातले आहात ना? ऑपेरा म्हणजे काय?"

"मला काय माहीत? एक बाई खूप जोरात ओरडते आणि लोक कोट घालून ऐकतात."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुमचं काय वेगळं असतं? कोट तेवढा नसतो."

मग आम्ही शोधायला बसलो. पार्टीचा छोटा स्पीकर मोबाईलला जोडला. पुढचे दोन आठवडे आमच्या खोलीत जे काय चाललं होतं, त्यातला आनंद मला नीट सांगता येणार नाही. मी गोडाऊनमधून आलो की हातपाय धुऊन थेट स्पीकरसमोर. मुलगी वाचून मला सांगायची, मी ऐकून तिला सांगायचो, आणि बायको दोघांना जेवायला बोलावून थकायची.

आम्हाला कळलं ते असं. शेकडो वर्षांपूर्वी युरोपच्या उत्तरेला लोक देवांच्या, राक्षसांच्या, सोनं राखणाऱ्या अजगराच्या गोष्टी गात. पिढ्यान्पिढ्या तोंडातोंडी. मग आइसलँड नावाच्या थंड बेटावर कुणीतरी त्या वासराच्या कमावलेल्या कातड्यावर लिहून ठेवल्या. इकडे जर्मन मुलखातही त्याच वीराची आणि त्याच्या खुनाची एक लांबलचक कविता कुणीतरी लिहिली. नंतर सगळे विसरले. खूप काळाने पंडितांनी ती पानं उघडली, छापली, आणि एकोणिसाव्या शतकात एका जर्मन संगीतकाराच्या हाती ती पडली. तो वेडा झाला. त्याने आधी फक्त वीराच्या मरणाचं नाटक लिहिलं. मग त्याला वाटलं, हा वीर कोण हे लोकांना कसं कळणार? म्हणून त्याच्या तरुणपणाचं लिहिलं. मग त्याच्या आईबापांचं. मग अगदी मुळाचं, नदीतल्या सोन्याचं. उलटं उलटं जात एकाची चार नाटकं झाली, चार संध्याकाळ चालणारी. शब्दही त्याचेच, संगीतही त्याचंच.

"उलटं लिहिलं?" मी म्हणालो. "म्हणजे शेवटचं कडवं आधी."

"हो. आणि गंमत म्हणजे जुन्या कवितांसारखा अनुप्रास पण ठेवला, पप्पा. एका ओळीत एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द."

संगीत सुरुवातीला मला झेपलं नाही. गाणं कुठे संपतं तेच कळेना. आमच्याकडे ध्रुवपद येतं, कोरस उचलतो, माणूस श्वास घेतो. इथे कुणी श्वासच घेत नाही. मग चौथ्या-पाचव्या दिवशी मुलीने दाखवलं की त्याने प्रत्येक वस्तूला एक छोटी धून दिलीय. तलवारीची वेगळी, सोन्याची वेगळी, आगीची वेगळी. ती वस्तू रंगमंचावर नसली तरी वाद्यांमधून तिची धून आली की समजायचं, गाणाऱ्याच्या मनात आता तलवार आहे. हे कळल्यावर मी पेटीवाल्याला फोन केला. आमचा पेटीवालाही पाहुणे मंडपात शिरले की प्रत्येकासाठी एक तुकडा वाजवतो. तो म्हणाला, "मग तो आपल्यातलाच हाय."

एका संध्याकाळी आम्ही दुसऱ्या नाटकाचा शेवट ऐकला. देवाची लाडकी लेक त्याचा हुकूम मोडते. मोडते म्हणजे काय, बापाच्या मनात जे असतं पण त्याला करता येत नाही तेच ती करते. बाप तिला शिक्षा देतो: डोंगरावर झोपवतो, भोवती आग लावतो, आणि निरोप घेतो. मुलगी म्हणाली, "जुन्या गोष्टींत ती त्याची मुलगी नाहीये. बाप-लेकीचं नातं ह्या संगीतकाराने जोडलं." ती चार महिन्यांत जाणार होती. मी चष्मा पुसायला लागलो. बायको भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "आग-बिग लावू नका, व्हिसाचं काम चाललंय." तिघंही इतके हसलो की तव्यावरची भाकरी करपली.

मला त्या दिवसांत आणखी एक सुख मिळत होतं आणि ते चांगलं नव्हतं. ज्याचं संगीत जग ऐकतं त्या मोठ्या माणसानेही दुसऱ्यांच्या गोष्टी घेतल्या होत्या. मी एकदा मुलीला सहज विचारतोय असं दाखवत म्हणालो, "म्हणजे घेतलंच की त्याने दुसऱ्यांचं. नाव मात्र याचं झालं."

ती वही लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "घेतलं, पण लपवलं कुठे? कुठल्या जुन्या पुस्तकांतून घेतलं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि ज्यांनी मूळ रचलं त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. नाव असतं आणि याने खोडलं असतं, तर गोष्ट वेगळी."

तिला काहीही माहीत नव्हतं. मी उठून पाणी प्यायलो.

बोलायची सवय व्हावी म्हणून तिने ठरवलं की क्लासच्या आधी ते भाषण एकदा मराठीत आमच्या पार्टीसमोर करायचं. रविवारी दुपारी विहाराच्या हॉलमध्ये आमची प्रॅक्टिस असते. त्या रविवारी मी स्पीकर घेऊन आत शिरलो, तर कोरसवाल्यांच्या शेजारी दादा बसलेला. ढोलकीवाल्याने परस्पर रिक्षा करून खारबावहून आणला होता. "पोरगी बाहेर देश को चली, पुराना आदमी होना मांगता के नहीं?" असं त्याचं म्हणणं. दादा पूर्ण पांढरा झालाय. कानाचं मशीन शिबिरात मिळालंय, पण ते खिशात असतं. "खरखर करतं," म्हणाला. "मी ओठ वाचतो. लूमवर समदे तसंच बोलत. पोरी, तोंड माझ्याकडं ठेव नि सावकाश सांग."

मुलीने सुरू करण्याआधीच ढोलकीवाल्याने शंका काढली. "देवादिकांच्या गोष्टी विहारात कशाला? आपण बावीस प्रतिज्ञा कशासाठी घेतल्या?"

मुलगी म्हणाली, "काका, शेवटी सगळे देव जळून जातात. त्यांचा महालसुद्धा."

ढोलकीवाल्याने मांडी बदलली. "हां, मग सांग."

तिने फार सुंदर सांगितलं. त्या लोकांना आपले देव एक दिवस संपणार हे आधीपासून ठाऊक होतं आणि तरी ते गात होते, हे सांगताना तिचा आवाज बदलला. एका जुन्या गोष्टीत देव राक्षसाकडून किल्ला बांधून घेतात आणि ठरलेलं द्यायची वेळ आली की तोंड फिरवतात. दुसऱ्या गोष्टीत एका शापित सोन्यासाठी मुलगा बापाला मारतो. संगीतकाराने या वेगवेगळ्या गोष्टींना एकत्र गाठ मारली.

"काम करवून घेतलं नि पलटला?" ढोलकीवाला म्हणाला. "मतलब देव बिल्डर था."

"काल्हेरचा," पेटीवाला म्हणाला.

मुख्य देवाने शहाणपणासाठी आपला एक डोळा दिला, हेही तिने सांगितलं. दादाने हात वर केला. "एक डोळा दिला नि ज्ञान घेतलं? बरा सौदा हाय. मी दोन कान दिले, मला नुसती शिफ्ट मिळाली." हॉल हसला, तो सगळ्यांत जास्त हसला.

तिने एक गोष्ट लपवली नाही, जी मी लपवली असती. या संगीतकाराने एका समाजाबद्दल फार विषारी लिहिलं होतं आणि पुढे माणसं मारणाऱ्या राजवटीने त्याचं संगीत मिरवलं. कोरसमधला एक म्हणाला, "मग ऐकायचा कशाला असला?" मुलगी म्हणाली, "मला पण कळत नाही काका. पण सांगितल्याशिवाय ऐकवायचं नाही, एवढं मी ठरवलं." दादाने तिच्या ओठांकडे बघत मान हलवली. मला त्या वाक्याने जागेवरच गाडलं. ती चोवीस वर्षांची आहे.

मग तिने पहिल्या नाटकाची सुरुवात लावली. अगदी खाली, ऐकू येईल न येईल असा एकच स्वर. तो तसाच राहतो, मग त्यावर दुसरा, मग लाटांसारखे स्वर, आणि हळूहळू सगळी नदी उभी राहते. दादा उठला, स्पीकरजवळ जाऊन बसला आणि त्याच्या खोक्यावर तळहात टेकवून त्याने डोळे मिटले. बराच वेळ तसाच. संपल्यावर म्हणाला, "सकाळी कारखान्यात पयला एकच लूम चालू व्हतो. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. मग फरशी हालाया लागते. ह्यानं तेच केलंय." ढोलकीवाल्याचे डोळे भरून आले होते, पण तो म्हणाला, "मेरे को तो नल के नीचे बाल्टी भरती वैसा लगा."

शेवटी प्रश्न विचारा, असं मुलगी म्हणाली. दादानेच विचारलं.

"आपल्याकडं सूत शेठचं अस्तं, विणतो आपण, नि कापडावर शिक्का पडतो शेठचा. ते कातड्यावरचं कवन ज्यानं रचलं, त्याचं नाव काय?"

"माहीत नाही काका. कुणालाच माहीत नाही."

"शेवटच्या कडव्यात टाकलं न्हवतं का?"

"नाही. त्यांच्यात तशी पद्धत नव्हती बहुतेक."

"मग बरं हाय," दादा म्हणाला. तो मुलीकडेच बघत होता, माझ्याकडे नाही. त्याने टोमणा मारला की साधं विचारलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

प्रॅक्टिस आम्ही नेहमी आईच्या गाण्याने संपवतो. पेटीवाल्याने सवयीने सूर धरला. मी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच प्रेक्षकांकडे नाही, दादाकडे तोंड करून गायलो. ओठ नीट हलवत. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. शेवटच्या कडव्यात नावाची जागा आली आणि मी त्याचं नाव घेतलं. चार अक्षरं. ओळ पूर्ण भरली. "हो" ला जागाच उरली नाही.

ढोलकी अडखळली. ढोलकीवाला त्या "हो" वर एक खास तुकडा वाजवतो, अठ्ठावीस वर्षं वाजवतोय. त्याचा हात मोकळ्या हवेत राहिला. "अरे," तो म्हणाला, "हो किधर गया?"

मी खाली बसलो आणि सांगितलं. दादाने नाव घालायला सांगितलं नव्हतं. मी थाप मारली होती. गाणं दादाचं आहे, नाव मी खोडलं. भाषण ऐकायला आलेली बायको भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशी मी लग्न केलं तेव्हा तिच्या माहेरी "कवी जावई" म्हणून माझी ओळख करून दिली होती. मुलीने स्पीकरची वायर हातात गुंडाळली होती ती तशीच धरून ठेवली. मी सगळं दादाकडे तोंड करून बोललो, कारण त्याला कळायला हवं होतं, आणि मला मान खाली घालायची सोय उरली नव्हती. तो ओठ वाचतो.

"तू तो बोला था दादा ने बोला," ढोलकीवाला हळू म्हणाला.

"खोटं बोललो."

दादाने खिशातून मशीन काढलं, परत ठेवलं. मग म्हणाला, "कॅसेट वाजली तवा कान व्हते मला."

"मग बोलला का नाहीस?"

"वाट बघत व्हतो. पयलं वरीस, दुसरं वरीस. मग मला वाटलं, आता हा मेल्याबिगर बोलत न्हाय." पुढे म्हणाला, "तीनदा आलास खारबावला. तिनी डाव पत्र्यावर बोललास. मला वाटलं, ह्याला पत्र्याचा धंदा टाकायचाय का काय."

कोरसमधला एक खुदकन हसला. मी विचारलं, त्या कॅसेटचं काय करू? ती आता लोकांच्या मोबाईलमध्ये आहे, तिथून कशी पुसू?

"ती तुझी तू वागव," दादा म्हणाला.

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही; ती मागायची जागा तीन चहांमध्ये मी घालवली होती. बायको उठली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, साखर चालते ना?" आणि चहा टाकायला गेली. घरी माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही, तो वेगळा विषय आहे.

मी समजत होतो की इथे हे संपेल. पण दादा पेटीजवळ सरकला होता. "नाव घातलंस, चांगलं झालं," तो म्हणाला. "पर ते कडवंच आता मला पटत न्हाय. कच्चं हाय. तवा माझी आय जिती व्हती, सही शिकली त्येचाच आनंद. नंतर ती म्हातारी झाली, हात कापाया लागला, तरी सही सोडली न्हाय. ते यायला पायजे. मी बदललंय. लई वरसं झाली बदलून."

"लिहिलंयस?"

"डोक्यात हाय." आणि त्याने म्हणून दाखवलं, स्वतःला ऐकू न येणाऱ्या, थोड्या वर चढलेल्या आवाजात:

हात कापतो आईचा, येते अक्षर वाकडे,
तरी सांगते साऱ्यांना, नाव माझे हे एवढे.

त्याच्या पुढच्या ओळीत त्याचं नाव होतं, आणि ती ओळ अशी घडली होती की दुसरं कुठलंही नाव तिच्यात बसलंच नसतं. मी मनात माझं बसवून पाहिलं. सवय वाईट असते. नाही बसलं.

म्हणजे जे कडवं दुरुस्त करायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, ते दुरुस्त होऊन जेमतेम पंधरा मिनिटं टिकलं. पेटीवाला नव्या ओळींची चाल शोधायला लागला. ढोलकीवाला "अब मेरा पीस किधर बजाऊं" म्हणून कुरकुरत होता. मुलगी मांडी घालून ओळी वहीत उतरवत होती, आणि पानाच्या वरच्या बाजूला तिने आधी कवीचं नाव लिहिलं, मग बाकीचं.

दादाला चाल ऐकू येत नव्हती, म्हणून तो एक हात पेटीच्या लाकडावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होता. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्याने मान हलवली. "वाकडेवर तोंड वाकडं करू नको. सरळ म्हण."

दुसऱ्यांदा म्हटलं.

"आता 'एवढे' गिळलास."

बायको चहा घेऊन आली. त्याने कप घेतला, शेजारी ठेवला, आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "परत."

मी परत म्हटलं.